गंज पेठेतील उघडे दार : सावित्रीबाई फुले यांचे चरित्र

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, हा आपल्या मंडळांचा जुना संकेत आहे. या वेळी आम्ही सावित्रीबाई फुले यांचे नाव निवडले. त्यांनी चालविलेली मुलींची शाळा, शाळेच्या वाटेवर अंगावर पडलेले शेण आणि दगड, ही हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. आपल्या परप्रांतात वाढलेल्या मुलांच्या कानीही ती ३ जानेवारीच्या कार्यक्रमांतून पडत असते. म्हणून शाळेचा भाग आम्ही थोडक्यात सांगणार आहोत. आम्हांस विस्ताराने सांगावयाचे आहे ते त्यांच्या घराविषयी. पुण्याच्या गंज पेठेतील या घराच्या एका भागास एक लांबलचक नाव होते : बालहत्या प्रतिबंधक गृह. या नावातील 'प्रतिबंध' हा शब्द ध्यानी धरून सावित्रीबाईंचे आयुष्य वाचले, तर त्यातील वेगवेगळ्या वाटणाऱ्या घटना एका सूत्रात ओवल्या जातात. संकट कोसळल्यावर हळहळणारे पुष्कळ असतात आणि अपराध घडल्यावर शिक्षा करणारे सरकारही असते. संकट येण्यापूर्वी आणि अपराध घडण्यापूर्वी आपल्या घराचे दार उघडणारी माणसे मात्र विरळा.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील व आई लक्ष्मीबाई. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचा विवाह झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. त्यांची आई लहानपणीच गेली होती आणि सगुणाबाई क्षीरसागर या बाईंनी त्यांना आईच्या मायेने वाढविले होते. सासरी आलेल्या या अक्षरशून्य मुलीस जोतीरावांनी शिकविले. पुढे तिने अध्यापनाचे शिक्षणही घेतले. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. या कामामुळे पतिपत्नींस सासऱ्यांचे घर सोडावे लागले. पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही शाळा निघाल्या. शाळांच्या कामी फातिमा शेख या सहकारिणीची त्यांना मोलाची साथ लाभली. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. चौदा वर्षांपूर्वी जिला अक्षरओळख नव्हती, ती आता ग्रंथकर्ती झाली होती.

सावित्रीबाईंनी जोतीरावांस लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील पहिले १८५६ सालचे, आजारपणात माहेरी विश्रांतीस गेल्या असताना लिहिलेले. त्यात भावाशी झालेल्या वादाची हकीकत आहे. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही दोघे बहिष्कृत झालात, कुळाला बट्टा लावलात, असा भावाचा आक्षेप होता. सावित्रीबाईंनी त्यावर आदळआपट केली नाही. नागपंचमीला विषारी नागास दूध पाजणारा, गायीबकऱ्यांस कुरवाळणारा माणूस आपल्यासारख्याच माणसाचा विटाळ मानतो, हे त्यांनी त्यास समजावून सांगितले. आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि भाऊही वरमला. समाज सुधारण्याची भाषा व्यासपीठावरून बोलणे त्या मानाने सोपे असते. माहेरच्या ओटीवर, आजारी अंगाने, सख्ख्या भावाचे मन वळविणे अवघड. सावित्रीबाईंच्या कार्याची ही रीत पुढेही कायम राहिली. प्रत्येक कामाचा आरंभ त्यांनी घरापासून केला.

आता त्या घराकडे वळू.

एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय समजल्या जाणाऱ्या घरांत मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत. नवरा पुष्कळदा वयाने बराच मोठा असे. साथीच्या रोगांत, बाळंतपणात, दुष्काळात माणसे पटापट दगावत, तो काळ. बारा-चौदा वर्षांची मुलगी विधवा झाली की तिचे केशवपन होई आणि उरलेले आयुष्य ती सासरच्या किंवा माहेरच्या घरात राबण्यात घालवी. इतर अनेक जातींत पाट लावण्याची चाल होती. ब्राह्मण विधवेस ती वाट बंद होती. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला खरा, पण कायद्याने दिलेली परवानगी घरातील वडीलधाऱ्यांनी दिली असे होत नाही. अशा मुलींवर घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषाची वाकडी नजर पडे. त्यातून दिवस राहिले की पुरुष नामानिराळा राही. मग त्या मुलीपुढे तीन वाटा उरत : विहीर जवळ करणे, गर्भ पाडण्यासाठी विषारी औषधे घेणे किंवा बाळ जन्मताच त्याचा गळा दाबणे.

जोतीरावांच्या एका ब्राह्मण स्नेह्याच्या घरी काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. दिवस राहिले, तेव्हा गर्भ पाडण्याचे प्रयत्न झाले, ते फसले. मूल जन्मले, आणि अब्रूच्या भयाने तिने त्याचा जीव घेऊन प्रेत विहिरीत टाकले. दोन दिवसांत प्रकार उघडकीस आला. पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला आणि काशीबाईस जन्मठेपेची शिक्षा होऊन तिला अंदमानास पाठविण्याचे ठरले. तिला फसविणाऱ्या शास्त्र्यास मात्र कोणतीही शिक्षा झाली नाही. ही सारी हकीकत जोतीरावांनी १८८४ मध्ये सरकारकडे पाठविलेल्या आपल्या अभिप्रायात नमूद केली आहे. समाजसुधारक मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी टिपणे काढली होती, त्यांवरचा हा अभिप्राय.

न्यायालयाने कायद्याप्रमाणे निकाल दिला. पण त्या निकालाने ते मूल परत आले नाही आणि दुसऱ्या एखाद्या काशीबाईचा हातही थांबणार नव्हता. फुले दांपत्याने हे ओळखले. खटला संपताच, १८६३ साली, त्यांनी मित्रांच्या साहाय्याने आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. नुसते उघडले असे नव्हे, तर ज्या वस्तीत गरज होती त्या ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर, छापील जाहिराती लावल्या. विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावयाचे असल्यास न्यावे, नसल्यास येथे ठेवून जावे. त्याची काळजी हे घर घेईल, असा त्या जाहिरातीचा आशय.

त्या भिंतीवरील कागदाचा आज विचार केला तर त्यामागील योजकता पाहून आश्चर्य वाटते. पापाची कबुली मागितली नव्हती, बापाचे नाव विचारले नव्हते, मुलास वाढविण्याची सक्ती केली नव्हती. जिला मदत हवी तिच्या मनातील सर्वांत मोठी भीती कोणती, तर गवगवा होण्याची. आणि नेमकी तीच भीती आधी दूर केली होती. सार्वजनिक आरोग्याचे काम करणारे लोक आज हेच सांगतात. ज्याला साहाय्य हवे तो लाजेने किंवा भयाने दारापर्यंत पोहोचतच नसेल, तर दवाखाना कितीही चांगला असला तरी व्यर्थ. ज्यांच्यासाठी हे घर उघडले, त्यांच्याच समाजातील काही लोक सावित्रीबाईंच्या अंगावर शेण टाकीत आले होते, ही गोष्टही विसरता येण्याजोगी नाही.

सरकारी कागदावर नाव जोतीरावांचे आहे. तथापि बाळंतपण घरात व्हावयाचे असेल तर त्याचा भार कोणावर पडतो, हे आमच्या भगिनींस सांगावयास नको. रात्री-अपरात्री दार वाजले की उठणे, घाबरलेल्या अनोळखी मुलीस आत घेणे, वेणा सुरू झाल्यावर तिच्याजवळ बसणे, शेक-शेगडी, पथ्यपाणी, बाळाची न्हाणीधुणी आणि रडणाऱ्या आईची समजूत घालणे. स्वतः सावित्रीबाईंस अपत्य नव्हते. बत्तिसाव्या वर्षी त्यांनी दुसऱ्यांच्या बाळंतपणांचा हा वसा घेतला.

या कामाचे फळ काय, याचा हिशेब १८८४ च्या त्याच अभिप्रायात आहे. तो वाचताना मन विषण्ण होते. तोवर पस्तीस गरोदर विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती. तीस दगावली होती. गर्भ लपविण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांमुळे पोटातच त्यांना इजा झाली होती, असे जोतीरावांनी नोंदविले आहे. जाहिरात वाचून, धीर गोळा करून, अंधारातून चालत या मुली गंज पेठेत पोहोचेपर्यंत औषधाने आपले काम केलेले असे. दार उघडे होते, पण दारापर्यंतची वाट लांब होती.

पस्तीसांतून पाच. कोणी म्हणेल, हा आकडा अपयशाचा. आम्हांस तसे वाटत नाही. हे घर नसते तर त्या पाच मुलांचेही आयुष्य विहिरीत संपले असते, आणि त्या पस्तीस स्त्रियांपैकी कितीजणी वाचल्या असत्या कोण जाणे. शिवाय फुले दांपत्याने हा आकडा लपविला नाही. मृत्यू किती व कशाने झाले, ते सरकारपुढे स्पष्ट मांडले. प्रतिबंध आणखी अलीकडे, म्हणजे घराघरांत झाला पाहिजे, बालविवाह थांबले पाहिजेत आणि सक्तीचे वैधव्य संपले पाहिजे, हे या आकड्यांतून आपोआप सिद्ध होत होते. त्या तीस अर्भकांची नोंद हीच सुधारणेच्या बाजूची सर्वांत बळकट साक्ष ठरली.

या वाटेने पुढे इतरही आले. १८७५ मध्ये पंढरपुरास असेच एक गृह निघाले व त्याचा सांभाळ पुढे प्रार्थना समाजाने केला. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेस बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीची जी निंदा झाली, तिने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध लिहिला. ताराबाईंचे घराणे सत्यशोधक विचारांचे होते. गंज पेठेत जे कृतीने सांगितले गेले, त्यास येथे लेखणीचे बळ मिळाले.

१८६८ हे वर्ष सावित्रीबाईंच्या चरित्रात दोन गोष्टींसाठी संस्मरणीय आहे. त्या वर्षी फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. शुद्ध पाणी ही आरोग्याची पहिली पायरी. आणि ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव होता त्यांना मिळेल ते पाणी प्यावे लागे, हे लक्षात घेतले म्हणजे या हौदाची किंमत कळते.

दुसरी गोष्ट नायगावची. २९ ऑगस्ट १८६८ च्या पत्रात सावित्रीबाईंनी ती कळविली आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरत असे. त्याचे आणि शारजा नावाच्या महार समाजातील मुलीचे प्रेम जमले. शारजा सहा महिन्यांची गरोदर असल्याचे उघड होताच गाव खवळले. दोघांना पकडून गावातून वाजतगाजत फिरवीत जिवे मारण्याचा बेत सुरू झाला. ही वार्ता कळताच सावित्रीबाई धावत तेथे गेल्या. त्या जमावापुढे त्यांनी नीतीवर प्रवचन केले नाही. इंग्रजी राज्यात खुनाची सजा काय होते, एवढेच बजावले. लोकांचे हात थबकले. दोघांनी गाव सोडून जावे, असे अखेर ठरले. दोघेही कबूल झाले, तेव्हा सावित्रीबाईंनी त्यांना पुण्यास जोतीरावांकडे पाठवून दिले.

या एका प्रसंगात प्रतिबंधाची सारी कला सामावलेली आहे. अशा घटना आजही आपल्या देशात घडतात; त्यांची बातमी आपण दुसऱ्या दिवशी वाचतो आणि सुस्कारा टाकतो. सावित्रीबाई बातमी होण्यापूर्वी तेथे पोहोचल्या. जमावास पटेल असा युक्तिवाद त्यांनी शोधला, त्या जोडप्यास जाण्यास जागा दिली, आणि ती जागा म्हणजे पुन्हा गंज पेठेतील तेच घर. सुटका करावयाची आणि पुढच्या मुक्कामाची सोय करावयाची नाही, असे अर्धवट काम त्यांनी कधी केले नाही.

तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नरकडील ओतूरहून लिहिलेले. १८७६ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. गुरे मरत होती, माणसे गाव सोडून चालली होती, खाऊ नये ते खाऊन दिवस काढीत होती. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे उसळले होते, ते अजून सर्वांच्या स्मरणात होते. उपाशी माणूस, धान्य दाबून बसलेला सावकार आणि धास्तावलेले सरकार एके ठिकाणी आले म्हणजे काय होते, हे सांगणे नलगे. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते गावोगाव मदतीसाठी फिरत होते. सरकारला त्यांचाच संशय आला व पन्नास जणांस अटक झाली. सावित्रीबाई कलेक्टरांपुढे उभ्या राहिल्या आणि गुन्हेगार कोण, उपाशी लोक कोण व सेवक कोण, हे त्यांनी त्यांस समजावून सांगितले. कार्यकर्ते सुटले आणि ज्वारीही मिळाली. पुढे पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालविण्यात आला, तेथेही रांधण्या-वाढण्याच्या कामात सावित्रीबाई होत्या.

घर सुधारावयाचे तर दारूस घराबाहेर ठेवले पाहिजे, हाही फुले पतिपत्नींचा आग्रह होता. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये जोतीरावांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांस लेखी हरकत घेतली. सावित्रीबाईंच्या भाषणांचे जे पुस्तक आहे, त्यात उद्योग, विद्यादान, सदाचरण यांच्याबरोबर व्यसने आणि कर्ज हे विषय आहेत. हे विषय आज रुक्ष वाटतील. पण बायकोस होणारी मारहाण, मुलांची उपासमार, सावकाराचा विळखा आणि तरुण वयातील मृत्यू या चारही गोष्टींच्या मुळाशी दारूचा गुत्ता व कर्जाचा कागद असतो, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. थोडक्या खर्चात व साध्या विधीने होणारी सत्यशोधक लग्ने हा कर्जावरचा घरगुती उपायच होता. २५ डिसेंबर १८७३ रोजी लागलेल्या अशा एका लग्नात सावित्रीबाईंनी पुढाकार घेतला होता.

प्रतिबंधक गृहात वाचलेल्या मुलांपैकी एक यशवंत. एका ब्राह्मण विधवेचे हे मूल फुले दांपत्याने दत्तक घेतले, शिकविले आणि डॉक्टर केले. १८८७ च्या आपल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यास वारस नेमले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचे लग्न हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने झाले. मुलीस घराची ओळख व्हावी म्हणून सावित्रीबाईंनी तिला लग्नापूर्वीच आपल्याकडे राहावयास आणले होते, असे सांगतात. त्या काळी सुनेचे मन जाणून घेण्याची ही रीत कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

१८८८ मध्ये जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ लिहिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा मान वारसाचा. दत्तक मुलास तो अधिकार नाही, असा वाद भाऊबंदांनी काढला. प्रेत दारात आणि वाद पेटलेला, अशा वेळी सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे उचलले, त्या पुढे चालल्या व त्यांनीच अग्नी दिला. भांडणास तोंड फुटण्याआधीच ते मिटविण्याची त्यांची ही रीत दुःखाच्या घटकेसही सुटली नाही.

त्याच १८९० साली जोतीरावांच्या आजारपणात मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांस एक पत्र लिहून या कुटुंबास साहाय्य करण्याची विनंती केली होती. त्यात जोतीरावांपेक्षाही त्यांच्या पत्नीचे गुणवर्णन अधिक आहे. महाराष्ट्राबाहेरील एका मराठी दरबारी हा शब्द गेला, याचे आम्हां परप्रांतीय मराठी मंडळींस विशेष अगत्य वाटते. पतीच्या पश्चात सावित्रीबाईंनी समाजाचे काम थांबविले नाही. १८९३ मध्ये सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले.

आता शेवटचा अध्याय. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात प्लेग दिसला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यात शिरला. या रोगाचे जंतू १८९४ मध्ये सापडले होते, पण उंदरावरील पिसवांमार्फत तो पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखविले ते १८९८ मध्ये. हाफकिन यांची लस मुंबईत १८९७ च्या जानेवारीत नुकतीच तयार झाली होती. रामबाण औषध असे काहीच नव्हते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला आणि पाठोपाठ पुण्यात रँडसाहेबांची नेमणूक झाली. मार्च महिन्यात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरू लागल्या. देवघर, माजघर, स्त्रियांची अब्रू, कशाचाच मुलाहिजा राहिला नाही. लोक रोगापेक्षा तपासणीस भिऊ लागले, आजारी माणसे लपवू लागले. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील गोळीबारात झाला. रोग थांबविण्याचा हेतू खरा असला तरी विश्वासावाचून केलेला प्रतिबंध हिंसेस कसे आमंत्रण देतो, त्याचे हे उदाहरण इतिहासात कायमचे नोंदले गेले.

सोजीर घरात शिरण्यापूर्वीच, त्याच साथीत, सावित्रीबाईंनी दुसरा मार्ग चोखाळला होता. यशवंत तेव्हा लष्करात डॉक्टर होता. त्यास त्यांनी रजेवर बोलावून घेतले आणि हडपसरला ससाणे यांच्या मळ्यात, म्हणजे सुनेच्या माहेरच्या रानात, शहरापासून दूर मोकळ्या हवेत दवाखाना उघडला. डॉक्टर घरचा मुलगा, जागा व्याह्यांची, सेवा करणारी सहासष्ट वर्षांची आई. रोग्यास पकडून न्यावे लागत नव्हते. ओळखीचे, विश्वासाचे माणूस त्यास घेऊन जात होते. १८६३ मध्ये अंधारात येणाऱ्या मुलींसाठी जे केले, तेच चौतीस वर्षांनी पुन्हा केले. त्या पहिल्या कामात वाचलेले मूल या दुसऱ्या कामात डॉक्टर म्हणून उभे होते. पस्तीसांतून पाच वाचल्याचा हिशेब ज्याला अपुरा वाटतो, त्याने हडपसरच्या मळ्यातील यशवंताकडे पाहावे.

त्याच काळात मुंबईत प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सत्यशोधक कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मृत्यू पावले. ही वार्ता पुण्यास पोहोचल्यावर तरी सावित्रीबाईंनी माघार घ्यावी, असे कोणास वाटले असेल. त्या थांबल्या नाहीत. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलास प्लेग झाल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्यास पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना रोगाची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. पुढे काही वर्षांनी यशवंतही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेला.

मृत्यूनंतर सावित्रीबाईंचे नाव दीर्घकाळ पतीच्या नावामागे झाकलेले राहिले. अलीकडे त्याची भरपाई झाली. १० मार्च १९९८ रोजी त्यांचे टपाल तिकीट निघाले आणि २०१४ मध्ये पुणे विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. हे गौरव उचित आहेत. मात्र त्यांच्या कामाची खरी आठवण ठेवली ती २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने. पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे असल्या चालींवर बंदी घालणारा ठराव तेथील ग्रामसभेने केला आणि सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. वरून आलेला हुकूम गावापर्यंत पोहोचणे नेहमीचे. येथे गावाचा निर्णय वर गेला.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. येथे अडीनडीला धावून येणारा मामा नाही, आत्याचे घर हाकेच्या अंतरावर नाही. माहेरी निघून जावे म्हटले तर दोन रात्रींचा प्रवास. एखाद्या घरात दारू शिरते, एखादी सून मुकाट्याने मार खाते, एखादा वृद्ध दीर्घ आजारात एकटा पडतो, पती गेल्यावर एखादी भगिनी कार्यक्रमांना येईनाशी होते. परक्या गावात हे सारे चार भिंतींच्या आत राहते, कारण मराठी माणसांत बोभाटा होईल ही भीती मोठी असते. मंडळ हेच आपले गोत. गणेशोत्सव, नाटके, वाचनालय यांनी पन्नास वर्षे ते शोभिवंत केले. पण गोताकडून माणसाची अपेक्षा याहून अधिक असते.

म्हणून या चरित्राच्या निमित्ताने आमच्या दोन सूचना आहेत. पुढील संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण आपल्या सर्व भगिनींस जावे. पती हयात आहे की नाही, हा प्रश्न यादी करताना मनात येऊ नये. आणि मंडळात दोन-तीन वडीलधाऱ्या स्त्रियांची नावे अशी असावीत, की ज्यांचे दार संकटातील कोणालाही रात्री-अपरात्री वाजविता येईल, ज्या कारण विचारण्याआधी पाणी देतील आणि ऐकलेले बाहेर बोलणार नाहीत. यासाठी इमारत नको, निधी नको. गंज पेठेतही एका राहत्या घराच्या आवारातच हे काम सुरू झाले होते.